दुय्यम

कागदावर तिचं नाव : दुय्यम मार्ग, क्रमांक सात.
नकाशात रेघ इतकी बारीक
की माशी बसली असती तरी झाकली गेली असती.

एकेचाळीस मैल. वेग ताशी दहा.
आठवड्यातून दोनदा एक इंजिन,
मागे मक्याचे सहा डबे, कधी खताचे दोन.
मला विचारलं होतं : ठेवायची की उखडायची?
मी क्लीव्हलंडला चौथ्या मजल्यावर बसून
भंगाराचा हिशेब मांडला.
लोखंड टनावर, खडी ट्रकावर,
जमीन फुटावर.
बेरीज बरी येत होती.

मग एप्रिलमध्ये वर्लिन स्ट्राउपनं मला
त्याच्या रुळांवरून धावणाऱ्या पिकअपमध्ये घातलं.
तेहतीस वर्षं तो याच लायनीवर.
दर पाव मैलावर उतरायचा,
हातोडीनं स्लीपर वाजवायचा
आणि कलिंगड घेताना द्यावा तसा कान द्यायचा.
"हा मेला. हा मेला. हा अजून बोलतोय."
वहीत खुणा करायचा. मी घड्याळ बघायचो.

कॅल्डर्स फोर्ड : एक पेट्रोल पंप, दोन चर्चं,
धान्याचं उंच कोठार, आणि त्याच्या सावलीत
खुर्ची टाकून बसलेली डोरीन हॅकबार्थ.
"सूट घालून कुणी आलं की बातमी वाईट असते."
मी म्हटलं, सूट नाही, नुसता कोट आहे.
ती हसली नाही.

जूनमध्ये पाइन फोर्कचं पाणी चढलं
आणि मुख्य लायनीच्या पुलाचा तिसरा खांब
दारुड्यासारखा कलला.
एका रात्रीत सत्तावीस गाड्या उभ्या :
गोठवलेली कोंबडी, मोटारींचे दरवाजे,
कुठल्याशा शहराचं पाणी शुद्ध करणारा क्लोरीन.
साहेबांनी मध्यरात्री फोनवर विचारलं,
"ती सात नंबरची... अजून आहे ना?"
अडला हरी...
पुढचं मी मनातच म्हटलं.

पहिली गाडी पहाटे तीनला आली. मी तिथेच होतो.
लांबी दोन मैल, वेग तोच दहा,
म्हणजे गाव ओलांडायला बारा मिनिटं.
लोक अंगणात उभे, पायजम्यात, ब्लँकेटात.
कुणी हात हलवला नाही, कुणी टाळी वाजवली नाही.
एक मुलगा डबे मोजत होता,
एकशे चाळीसनंतर झोपला.
स्लीपर कण्हत होते. वर्लिन कडेनं चालत होता,
कंदील खाली धरून,
बाळंतिणीच्या दाराबाहेर चालावं तसा.

चौथ्या दिवशी रुळांवरचा गंज गेला.
दोन पांढऱ्या रेघा, चांदण्यातही दिसाव्यात अशा.
मला वाटलं, ही रेघ मी काढताना
पेन्सिल फार हलकी धरली होती.

एकोणीस दिवसांनी पूल उभा राहिला.
गाड्या आपल्या हमरस्त्याला गेल्या,
उसनी वाटी परत करायचीही असते
हे विसरलेल्या शेजाऱ्यांसारख्या.
आठवड्याभरात रूळ पुन्हा तांबूस.

आता तोच तक्ता माझ्यापुढे.
रकाना नववा : भविष्यातील मूल्य.
शेजारी ठेवलेल्या जादा किल्लीचं
भाडं कसं लावतात?
वर्षानुवर्षं ती खिळ्याला लटकते,
कधी पुसली जात नाही,
आणि एका रात्री आपण भिजत दाराशी उभे असतो.
मी शून्य लिहिलं, खोडलं.
एक आकडा लिहिला, तोही मला पटला नाही,
पण खोडला नाही.
निर्णय माझा नाही. वरती आहेत माणसं,
त्यांच्याकडे रबर मोठं आहे.

काल वर्लिनचा फोन आला.
तक्त्याबद्दल त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, बाविसाव्या मैलाला
खडीत टिटवीनं अंडी घातलीत,
चार, ठिपक्याठिपक्यांची, खड्यांतून ओळखूही येणार नाहीत अशी.
"मंगळवारच्या इंजिनाला सांगून ठेवतो," म्हणाला,
"जरा हळू."

दहाच्याही खाली?

"असेल तितकं हळू."